चार वाजून वीस मिनिटांची पत्रिका

आधीच सांगतो, मी पत्रिका, नाडी, साडेसाती यातलं काहीच मानत नाही. दौंडला रेल्वेच्या सिग्नल खात्यात सत्तावीस वर्षं काढली. सिग्नल लाल पडला तर केबल तपासायची, ग्रह नाही — हीच सवय. त्यामुळे हे लिहिताना भीती कमी आणि संतापच जास्त येतोय.

माझी धाकटी बहीण सुनंदा न्हावऱ्याच्या अलीकडच्या एका गावात दिलेली. दाजींची झेंडूची शेती. त्यांची थोरली मुलगी प्रणिता, चोवीस वर्षांची, मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली. शिरूरकडच्या एका कारखान्यात क्वालिटीला होती. गाड्यांच्या ब्रेकचे पार्ट तपासून पास-रिजेक्ट करायचं काम. दोन वर्षांत एक लेटमार्क नाही.

एका सोमवारी सकाळी तिचं कार्ड गेटवर लागेना. तिनं चार-पाच वेळा लावून बघितलं. शेवटी तिथला वॉचमन खाली मान घालून म्हणाला, "मॅडम, आपका कार्ड बंद कर दिया है. ऊपर से ऑर्डर है." बस. पत्र नाही, फोन नाही, कारण नाही. पोरगी बस पकडून घरी आली आणि आतल्या खोलीत जाऊन बसली.

मला कळल्यावर मी दुसऱ्याच दिवशी मोटरसायकल काढून गेलो. म्हटलं, आता कंपनीत जायची तयारी चालू असेल. तर घरात पंचांग उघडलेलं!

"दादा, तिची साडेसाती सुरू झालीय," सुनंदा म्हणाली. "शिरूरला एक गुरुजी हायेत, पत्रिका दाखवायची आज."

"अगं, आधी कंपनीत जाऊन कारण तरी विचारा!"

दाजी ओट्यावरनं बोलले, "काय विचारायचं? हिनंच कायतरी केलं असंल. उगंच कोण काढतंय व्हय? पुढल्या महिन्यात पाहुणे बघायला यायचेत, त्यास्नी काय सांगायचं आता?"

आत पोरगी सगळं ऐकत होती. माझं डोकं तापलं. तरी त्या तिघांबरोबर शिरूरला गेलो — त्या गुरुजीला तोंडावर खोटं पाडायचं, एवढ्याचसाठी.

कारण त्या पत्रिकेबद्दल मला एक गोष्ट ठाऊक होती, जी दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हती.

प्रणिताचा जन्म आमच्याकडं दौंडचा. पहिलं बाळंतपण माहेरी. सकाळी साडेनऊच्या सुमारास झाली. मी चहाचा थर्मास घेऊन जिन्यातच होतो, तिचं पहिलं रडणं मी ऐकलं. पत्रिकेसाठी वेळ सांगायचं काम माझ्यावर आलं. तेव्हा मी तिशीच्या आतला, अंगात मस्ती. मुद्दाम 'दुपारी चार वाजून वीस मिनिटं' सांगितली. चारशे वीस! म्हटलं, याच्यावरून काय काय रचतात ते बघू आणि एक दिवस सगळ्यांसमोर हसू. तो दिवस कधी आला नाही, आणि पत्रिकेवरची वेळ घरात कुणी कधी वाचूनही बघितली नाही. सहा-सात तासांच्या फरकानं लग्नरास बदलते, सगळी पत्रिकाच बदलते, म्हणे. म्हणजे घरात चोवीस वर्षं जपलेला तो कागद निव्वळ बोगस होता.

गुरुजी म्हणजे निवृत्त मास्तर. घोडनदीच्या बाजूला जुनं दुमजली घर, समोर पेरूचं झाड. आम्ही आमचं नाव आणि 'पोरीची नोकरी गेली' एवढंच सांगितलं. त्यांनी पत्रिका उघडली, कागदावर काहीतरी आकडेमोड केली. मी मनात शब्द जुळवत होतो — आता शनी म्हणाले की उठायचं आणि सांगायचं.

शनीचं नावच निघालं नाही. त्यांचं बोट एका घरावर थांबलं. मग प्रणिताकडं बघून हळू म्हणाले, "सही केली न्हाईस, बरं केलंस बाळ."

कुणाला काही कळेना. ते पुढं म्हणाले, "त्यानं तुझंच पेन उघडून तुझ्या हातात दिलं. तू टोपण लावलंस आन् पेन टेबलावर ठिवून आलीस. व्हय ना?"

प्रणिता एवढी पांढरी पडली, की सुनंदानं तिला धरलं. आणि मग ती रडायला लागली... चार दिवसांत पहिल्यांदा.

हुंदके देत तिनं सांगितलं. ब्रेकच्या पार्टचा एक लॉट तिनं रिजेक्ट केला होता, बारीक तडे होते. शनिवारी साहेबानं केबिनमध्ये बोलावलं, पासचा रिपोर्ट पुढं सरकवला. ती 'नाही' म्हणाली. मग तिच्या खिशातलं पेन साहेबानं स्वतः काढून, उघडून तिच्या हातात दिलं. केबिनमध्ये दोघंच होते. यातलं अक्षरही तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

"मला का न्हाई सांगितलंस?" सुनंदानं विचारलं.

"तुम्ही म्हणला असता, एक सही केली असती तर काय झालं असतं."

आणि खरंच, दाजी त्याच वेळी पुटपुटले — "एका सहीनं काय झालं असतं पण?"

त्या परक्या घरात मी दाजींवर ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा. "त्या ब्रेकच्या गाडीत तुमचीच पोरगी बसली असती तर?" गुरुजींच्या मंडळी पाणी घेऊन आल्या होत्या, त्या दारातच थबकल्या.

पुढचे तीन आठवडे मी प्रणिताला घेऊन त्या गेटवर जात होतो. एचआरचा माणूस 'परफॉर्मन्स इश्यू' एवढंच बोलायचा. मी म्हणायचो, हेच लिहून द्या. ते काही देईनात. शेवटी मी गेटसमोर डबा उघडून बसायला लागलो, तेव्हा अनुभवाचं पत्र हातात पडलं. नोकरी मिळाली नाही. साहेब जागेवरच आहे. त्या लॉटचं काय झालं, तो कुणी पास केला, कुठल्या गाड्यांत गेला — कुणी सांगत नाही. रस्त्यानं जाताना पुढच्या गाडीचे ब्रेक लागले की मी अजून मोटरसायकल कडेला घेतो. प्रणिता आता माझ्याकडं राहते, कुरकुंभच्या एका लहान वर्कशॉपमध्ये तपासणीचंच काम करते. पाहुणे आले नाहीत. ती म्हणते, बरं झालं.

मध्ये एकदा ती पत्रिका घेऊन मी एकटाच गुरुजींकडं गेलो. भांडायलाच. "कंपनीतलं कोण ओळखीचं हाय तुमच्या? खरं सांगा."

"कुणी न्हाई हो. पत्रिकेत दिसलं ते बोललो."

मग मी सगळं सांगितलं. साडेनऊ. थर्मास. चारशे वीस.

मला वाटलं, हसतील नाहीतर चिडतील. त्यांनी पत्रिका माझ्याकडनं घेतली, कागदावर पुन्हा मांडली, पुन्हा खोडली. मग चष्मा काढून माझ्याकडं बघितलं. त्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. लबाडी असती तर मला फार बरं वाटलं असतं.

"म्हंजी यात ते न्हाईच," ते म्हणाले. "मग मामा... मी वाचलं काय त्या दिवशी?"

मी पत्रिका उचलून बाहेर पडलो. त्यांनी त्यानंतर पत्रिका बघणं बंद केलंय, असं ऐकतो. सुनंदा मात्र सगळ्यांना सांगत फिरते, की बघा, पत्रिकेत सगळं असतं. त्या पत्रिकेत कुठली वेळ लिहिलीय, ते तिला सांगायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

कुणाला काही उलगडा सुचत असेल तर जरूर लिहा. फक्त ग्रह-तारे सांगू नका. तो कागद खोटा होता, हे मला पक्कं माहीत आहे... कारण ते खोटं मीच बोललो होतो.