कपाशीचा दुसरा डोस

लसकेंद्रावर नोंदणीला आम्हा मास्तरांना बसवलं होतं. टीव्हीवर विद्वान दुसऱ्या डोसवरून भांडायचे आणि त्यांचं उष्टं ज्ञान मी लोकांना वाढायचो.

साखरा गावचा एक म्हातारा दुसऱ्या डोससाठी जीपनं तिसऱ्यांदा आला होता. पहिल्या डोसची चिठ्ठी टोपीच्या घडीत.

"बाबा, दोन डोसांमधलं अंतर वाढवलंय. उशिरा घेतलेला डोस जास्त लागू पडतो."

त्यानं चिठ्ठी सावकाश परत खोचली.

"व्हय. कपाशीला दुसरा डोस द्यायच्या वक्ताला खत संपलं, की आमचा दुकानदार बी असंच सांगते. उशिरा टाका म्हणते, बोंडं मोठी होतात."

मग माझ्या वहीखालचा लशीचा डबा त्यानं बोटानं वाजवून पाहिला. रिकामाच होता. त्यावरच वही टेकवून मी शास्त्र सांगत होतो.