पारोश्या शिवराईचा फोटू

दौंडच्या रेल्वे कॉलनीत किस्से इंजिनाच्या काजळीसारखे साचायचे. झटकायला जावं तर आणखीच उडायचे! त्यातला हा एवढा ढीग एका तांब्याच्या नाण्याचा.

सखूमावशीच्या देव्हाऱ्यात एक शिवराई होती. मावशीच्या मालकांना नांगरताना घावलेली, म्हणून तिचा देव झाला. पुढं पोरांच्या वाटण्या झाल्या आन् देव गेला थोरल्या आप्पाच्या वाट्याला, शिरूरला. गुरुवारी तो न्यायला येणार. मावशी राहणार धाकट्या बाबूकडं, दौंडातच. तिला घास उतरंना. मग मीच पिल्लू सोडलं, "मावशी, देवाचा फोटू काढून ठिवू की!"

*

कॅमेरा सायकलवाल्या रशीदभाईचा. नुसता डबा! जवळचं त्याला दिसायचं नाही. रशीदभाईनं मावशीचाच चष्मा काढून कॅमेऱ्याच्या डोळ्यावर बांधला.

"आरं, मग मला देव कसा दिसंल?"

"मावशी, आज ह्याला बघू द्या. उद्यापास्नं तुमीच बघा!"

*

ऊन मऊ पडावं म्हणून खिडकीला बाबूचं पांढरं धोतर ताणलं, आत जागा व्हावी म्हणून बाकडी दारात काढली. शेजारच्या काकू पदर सावरत आल्या आन् हळूच विचारत्यात, "कवा गेलं हो?"

मी म्हणालो, "अजून न्हाई. गुरुवारी जानार हाय!"

काकू धूम पळाल्या!

*

पहिला रोल आला. फोटूत शिवराई कुठली, पुनवेचा चंद्र! अक्षर म्हणून नाही. मावशीनं फोटूआधी चिंच लावून नाणं असं घासलेलं, की सगळा उजेड परत कॅमेऱ्यातच!

"मावशी, या खेपेला घासू नगा," रशीदभाई हात जोडून म्हणाला.

"म्हंजी? पारोसा देव फोटूत बसवू?"

घासलाच!

*

गुरुवार. आप्पा दारात पिशवी घेऊन बसलेला, "आटपा, माझी यष्टी चुकंल!" खिडक्या बंद केल्या. बाबूनं आणलेली गार्डाची बत्ती रशीदभाईनं खाली, कडंला ठेवली. बाबू इंजिनावर कामाला, शेडातनं तसाच आलेला, हात न धुता. नाणं मुठीत घेऊन फोटूसाठी मांडलेल्या पाटाकडं निघाला, तोच मी बत्तीची लाल काच फिरवली.

बाबू जागीच थांबला!

"आरं, व्हय की पुढं!" आप्पा ओरडला.

"सिग्नल कुठं हाय?"

हिरवी दिली तवा कुठं मूठ उघडली. आतली शिवराई काळीकुट्ट!

"मेल्या, देवाला काळं फासलं!" मावशीनं उलथनं उचललं. रशीदभाई मात्र ओरडला, "हात लावू नका कुणी!" त्यानं वरवर फडकं फिरवलं. काजळी खाचांत राहिली, कडंचा उजेड पडला, आन् अक्षरं उठून उभी राहिली! खटका दाबला. आप्पा देव घेऊन शिरूरला गेला.

*

फोटू असा झकास आला, की मावशी रडली आन् हसलीपण. देव्हाऱ्यात बसवला. त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मावशी रशीदभाईच्या दुकानात. एका हातात चिंच, दुसऱ्या हातात पांढराफटक ओला कागद.

"रशीद, ह्यो देव लई नाजूक निघाला बाबा. जरा दणकट बघून दुसरा दे!"