मामाचा हिरवा बेडूक

आमचा मामा घरातही सिग्नल ओरडायचा. मालगाडीचा ड्रायव्हर होता तो. इंजिनात सिग्नल दिसला की एकानं मोठ्यानं रंग सांगायचा, दुसऱ्यानं तोच परत म्हणायचा, मगच तो पक्का, असा त्यांच्या कामातला रिवाज. मामानं तो थेट स्वयंपाकघरात आणून ठेवला होता. बाहेरच्या खोलीतून ओरडायचा, "तिसरी शिट्टी!" मामीनं आतून "तिसरी शिट्टी!" म्हटलं नाही, तर पुन्हा ओरडायचा. मामी वैतागायची. "कुकर आहे तो बावा, सिग्नल नाही!" वैतागायची, पण म्हणायची.

मी कॉलेजसाठी गोंदियाहून त्यांच्याकडे राहायला आले, तेव्हा रायपूर नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं. ज्याला त्याला काहीतरी नवं घ्यायची हौस आली होती. शंकर नगरात एक चकचकीत दुकान उघडलं आणि मामा तिथून टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम घेऊन गुढियारीच्या क्वार्टरवर हजर. "पोरीले करमत नाही इथं," हे निमित्त. अहो, मी एकोणीस वर्षांची घोडी, मला कशाला हवा होता गेम? त्या दोघांना मूलबाळ नव्हतं. खेळायचं त्यालाच होतं.

त्या खेळात दहा ठिकाणच्या कार्टूनांतले प्राणी एका आखाड्यात आणून सोडले होते. पंख असलेलं डुक्कर, काटे फेकणारं कासव, फुगून फुटणारा मासा, शेंडीवाला कोल्हा. पोरं ज्यांच्यावर जीव टाकतात ते सगळे इथं एकमेकांना बदडत होते. मामानं सगळ्यांतून एक ढेरपोट्या बेडूक निवडला आणि त्याचं नाव ठेवलं पहेलवान. मीही मुद्दाम तोच घ्यायची. दोघांनी एकच प्राणी घेतला तर एक हिरवा व्हायचा, दुसरा लाल. हिरवा कायम मामाचा. "लाल म्हंजे थांब," तो म्हणायचा, "ड्रायव्हर मानसानं लाल काहून घ्यावा?" ड्यूटीवरून आला, आंघोळ-जेवण झालं की दुपारी आमची कुस्ती सुरू. हरला तर चिडायचा, जिंकला तर मामीला बाहेर बोलावून दाखवायचा. तिला त्यातलं काही कळायचं नाही, तरी ती "वा" म्हणायची.

दुसऱ्या वर्षी मामा खोकायला लागला. कॉलर गळ्याभोवती सैल झाली. टीबी निघाला. मामानं नोकरीवर कुणाला कळू दिलं नाही. समता कॉलनीतल्या एका डॉक्टरकडे परभारे औषध सुरू केलं आणि गोळ्या ड्यूटीच्या लोखंडी पेटीत शर्टांखाली ठेवल्या. "टीबी म्हटलं का घरी बसवतील मले," एवढंच म्हणाला. चार महिन्यांत खोकला बसला, अंगावर मांस आलं. आम्हाला वाटलं, सुटलो.

मग एका रविवारी दुपारी खेळताना माझा लाल बेडूक त्याच्या पहेलवानाला तुडवत होता आणि मामा ओरडत होता, "मार! अजून मार!" मला हसू आवरेना. "मामा, काय करून राहिला? मार खाते तो तुझा आहे!" तोही हसला. पण जरा उशिराच हसला. मी खेळ थांबवला. पडद्यावर दोन बेडूक जागच्या जागी उभे. मी विचारलं, "मामा, तुझा कोणता?"

त्यानं डोळे बारीक करून पडद्याकडे पाहिलं. मग डावीकडच्या बेडकाकडे बोट केलं. तो लाल होता.

"दोनी मातीवानी दिसून राह्यले, चिमे," तो हळूच म्हणाला. "महिना झाला."

"आणि सिग्नल?"

"कोणता दिवा कुठं लागते ते मले पाठ आहे. अन् सहायक सांगतेच ना. तो म्हनते हिरवा, मी म्हनतो हिरवा."

"तो चुकला तर?"

"नाही चुकत." मग त्यानं माझा हात धरला. "टीबीची एक गोळी डोळ्यांवर उतरली, डॉक्टरनं बदलून देली. दोन महिन्यांत येतात म्हनला डोळे परत. तोवर कोनाले सांगू नको. मामीलेबी नाही."

आणि मी गप्प बसले! आजही लाज वाटते लिहिताना. अकरा दिवस मी तोंडाला कुलूप लावून बसले. तो पेटी घेऊन निघाला की माझा जीव टांगणीला. परत आला की जेवण जायचं. बाराव्या दिवशी कॉलेजला जाताना फाटक बंद होतं. पलीकडे शाळेची पोरं, सायकलवाले, भाजीची टोपली डोक्यावर घेतलेल्या बाया. समोरून मालगाडी धडधडत गेली. इंजिनात कोण होतं दिसलं नाही. फाटक उघडल्यावर ती सगळी माणसं माझ्या अंगावरून गेली आणि मी तिथंच उभी राहिले.

कॉलेज सोडून मी समता कॉलनीत गेले आणि डॉक्टरांना विचारलं, दोन महिन्यांत डोळे नक्की येतील का. डॉक्टरांनी मामाचं कार्ड काढून पाहिलं. "आ जाते हैं बेटा, सबके नहीं आते. टाइम लगता है." मग मला धीर द्यायला हसले. "जल्दी किस बात की? क्लर्क हैं न, दफ्तर में बैठते हैं. कौन-सी गाडी चलानी है!"

डॉक्टरलाही त्यानं खोटं सांगितलं होतं.

मी घरी गेले नाही. जिथं ड्रायव्हर ड्यूटीवर जाताना सही करतात तिथं गेले, साहेबांसमोर उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. आधी मामाला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. त्यानं पुन्हा हात धरला असता तर मी पुन्हा गप्प बसले असते, हे मला पक्कं ठाऊक होतं.

त्या दिवशी मामा ड्यूटीवर म्हणून गेला आणि तासाभरात पेटीसकट परत आला. मामी घाबरली. "काय झालं? कोनं काय सांगतलं?" मामानं पेटी कोपऱ्यात ठेवली. "मी," मी म्हटलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. "हव," म्हणत मान हलवली आणि चपला काढून आत गेला.

डोळ्यांच्या तपासणीत तो नापास झाला. त्याला रजिस्टरांवर शिक्के मारायला बसवलं. वर्षभरानं डोळे निम्मेशिम्मे आले, पण इंजिन कायमचं गेलं. गेम त्यानं शेजाऱ्यांच्या पोरांना देऊन टाकला. घरात ओरडणंही बंद. मामी कधी कधी मुद्दाम मोठ्यानं म्हणायची, "दूध वर येऊन राह्यलं!" बाहेरून काही यायचं नाही. ती गॅस बंद करायची. मला ती कधी वावगं बोलली नाही, फक्त माझ्या ताटाशी बसून गप्पा मारायची ते थांबलं. मामा माझ्याशी बोलायचा तो कामापुरता. मीठ दे, छत्री ने, गाडी लेट आहे.

दोन वर्षांनी मला भिलाईत नोकरी लागली. निघायच्या दिवशी मामा माझी बॅग घेऊन रिक्षापर्यंत आला. मला राहवलं नाही. "मामा, माफ कर ना मले."

त्यानं बॅग नीट लावली, पट्टा चाकात येणार नाही असा आत खोचला. "तू बरोबर केलं, चिमे," तो म्हणाला. "दुसरा कोनी ड्रायव्हर असता तर मीच जाऊन सांगतलं असतं. पन मले सांगून गेली असती तर तुह्यासंग चालत आलो असतो. साहेबाच्या तोंडून आयकलं मी. माफ कराचं म्हनून लय पाह्यलं. नाही होऊन राह्यलं." मग रिक्षावाल्याला म्हणाला, "भैया, धीरे ले जाना."

पुढच्याच थंडीत त्याची छाती पुन्हा बिघडली. मामीचा फोन आला आणि मी पोचेपर्यंत तो गेला होता. दारात बायका मला जवळ घेऊन म्हणत होत्या, पोरी, तुझ्यामुळे किती लोकांचे जीव वाचले असतील. असतील. आज पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा साहेबांकडे जाईन. पण आधी मामाकडे जाईन, त्याच्यासमोर बसेन, त्यानं हात धरला तर धरू देईन, आणि सांगेन, मामा, चल, आपण दोघं जाऊ.