ब्रेकवर थापलेली कणीक

भाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा माझे हात कणकेत होते. तसल्याच हातानं फोन धरला. त्यांचा मुलगा नितीन रडत होता, आणि मी पहिलं विचारलं काय, तर "गाडी कुठं ठोकली रे?" तो म्हणाला, "गाडी नाई, मोठी माय... दवाखान्यात, झोपेतच गेले." त्याला आता सहा महिने होत आले. या माणसाचं मरण गाडीतच येईल आणि आम्हालाही घेऊन जाईल, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, भास्कर. शेत सोयाबीन-तुरीचं, पण जीव सगळा जुन्या पांढऱ्या मोटारीत. एकदा भंगारातून भलत्याच मॉडेलची चकचकीत अलॉयची चाकं घेऊन आले. मी म्हटलं, "दुसऱ्याच्या वहाणा कायले घालून राह्यले भाऊजी?" तर म्हणतात, "बोल्टाची भोकं बरोबर बसतात वयनी. आतून ब्रेकले घासते का, तेवढं पाह्यचं. एक उंडा द्या कणकेचा." मला वाटलं मस्करी. पण ब्रेकचा लोखंडी जबडा असतो ना, त्याच्यावर त्यांनी खरंच कणीक थापली, चाक चढवलं, हातानं सावकाश फिरवलं, परत काढलं. दबून जेवढी कणीक उरली, तेवढी आतली फट. तुरीच्या दाण्याएवढी होती. "तुमच्या पोळीहून जाड हाये, चला!" म्हणाले. मी हसले खरी, पण दाण्याएवढ्या फटीच्या भरवशावर सगळं घर बसणार होतं...

पुढं काही दिवसांनी मालेगावला लग्न निघालं. घरचे सगळे बसणार म्हणून भाऊजींनी आदल्या दिवशी ब्रेकचे झिजलेले पॅड काढून नवेकोरे घातले. चांगल्यासाठीच केलं बिचाऱ्यांनी. पण कणीक लावून फट मोजली होती ती झिजलेले पॅड असताना! नवे पॅड जाड, त्यामुळे तो जबडा चाकाकडे सरकला. हे कोणाच्या ध्यानात येणार? गाव सुटलं, उताराला ब्रेक दाबला, आणि खालून आवाज आला... दगडावर विळा ओढावा तसा. जाऊबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं. "अहो, थांबवा ना!" "थांबवूनच तर राह्यलो!" भाऊजी ओरडले. तो आवाज त्यांचा नव्हताच.

गाडी कशीबशी थांबली. चाकाच्या आतून चांदीसारखा चुरा सांडला होता. भाऊजींनी तो बोटावर घेऊन पाहिला. मग म्हणाले, "उतरा सारे. पायी चला घरी." लग्न राहिलं. जुनी चाकं परत चढली आणि अलॉय टिनाच्या शेडात बारदान्याखाली गेली. त्यानंतर गाडीला साधा पाना जरी लागला तरी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे... "वयनी, उंडा."

नितीन तेव्हा शिकायला बाहेर होता. त्याला एवढंच माहीत, की बाबांनी ती चाकं तपासून घेतली होती. तेरवी झाली, आणि बायको-पोरीला घेऊन तो वाशीमला परत निघाला. मी ओसरीवर आले तर भाऊजींच्या गाडीला तीच चाकं, चमकत होती!

"बाबाची आठवण म्हून लावली, मोठी माय. पॅडबी नवे टाकले."

मी चाकापाशी वाकले. "कणीक लावली का?"

"बाबानं तवाच लावली होती ना?"

"तवा जुने पॅड होते रे बापा! पोरीले उतरव आदी!"

सून म्हणाली, "मोठी माय, उशीर होते." मी गाडीपुढं बसूनच गेले. काढा म्हटलं मला उचलून. शेवटी नितीननं कुरकुरत जॅक लावला, कणीक थापली, चाक चढवून फिरवायला लागला. फिरवता फिरवता त्याची कुरकुर थांबली. चाक काढलं तर मधे कणीकच नव्हती. उघडं लोखंड, त्यावर ताजा ओरखडा. पोरगी बाजूला उभी राहून बिस्कीट खात होती. नितीननं तिच्याकडे पाहिलं, आणि शेडातून जुनी चाकं काढली.

आता दर रविवारी तो येतो, संध्याकाळी जातो. चाकं जुनीच आहेत, कळतं मला. तरी तो निघाला की मी कणीक मळते आणि परातीच्या काठाला एक उंडा काढून ठेवते. पोचल्याचा फोन आला की गाईला घालते. फोन येईस्तोवर मात्र त्या उंड्याला कोणाला हात लावू देत नाही...