बेटावरची चौकशी

आमची लेक स्वीडनमध्ये गोटेनबर्गला नोकरी करते. तिनं तिथलाच मुलगा पसंत केला आणि आम्हाला बोलावून घेतलं. रविवारी बेटावरच्या घरी त्याच्या आईवडिलांची भेट ठरली होती. शुक्रवारीच आमचे हे म्हणाले, "आधी चौकशी करू. खरं काय ते गाव सांगतं, घर न्हाय सांगत."

आमच्या इंदापूर भागात स्थळ बघायच्या आधी गुपचूप त्या गावाला चक्कर मारतात. टपरीवर चहा घ्यायचा, पोरगा पितो का, भावकीत भांडणं किती, हे काढून घ्यायचं. निरवांगीचं एक चांगलं स्थळ ह्यांनी पंक्चरवाल्याचं ऐकून मोडलं होतं.

लेक कामावर गेल्यावर आम्ही ट्राम धरली, मग बोट. मी नको म्हटलं नाही. पोरगी जन्मभरासाठी जाणार, मलाही माहिती हवीच होती.

बेटावर नुसता खडक आणि लाकडी घरं. "हितं पिकतं तरी काय?" हे म्हणाले. टपरी नव्हती. होडीला रंग देणारा एक म्हातारा भेटला. मी शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून दुभाषी मीच.

मुलाचं आडनाव सांगून मी विचारलं, "ते घर कसं आहे हो?"

"पिवळं."

"माणसं कशी आहेत?"

"घरीच आहेत. त्यांनाच विचारा."

पुढच्या दोघांनीही हेच सांगितलं. "गाव कायतरी दाबतंय," हे म्हणाले.

चौथी भेटली ती एक बाई. तिनं सरळ फोनच लावला. पाच मिनिटांत सायकलवरून एक उंच बाई आली. फोटोत बघितलेली मुलाची आई!

"तुम्ही आमची चौकशी करताय म्हणे."

लग्न मोडलं, असंच मी धरून चालले. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून आमची पद्धत सरळ सांगून टाकली. तिनं सायकल भिंतीला टेकवली.

"चांगली पद्धत आहे. मग तुमच्याबद्दल मी कुणाला विचारू?"

"आमचं आख्खं कळंब गाव वळखतं आपल्याला," म्हणत ह्यांनी तिथंच व्हिडिओ कॉल लावला. दोघांनी उचलला नाही. तिसऱ्यांदा ह्यांच्या चुलतभावानं उचलला. तो उसाला पाणी देत उभा होता.

"तुमचे दादा माणूस म्हणून कसे, असं ह्या बाई विचारतायत," मी म्हटलं.

"दादा? माणूस लाखात एक हाय. पण दरसाली माझा बांध कोरतोय. ईतभर ईतभर करत ट्रॅक्टर माझ्या उसात आणलाय. सांगा बाईस्नी!"

"काय म्हणाला?" मुलाच्या आईनं विचारलं.

"लाखात एक म्हणाला, एवढंच सांग," हे पुटपुटले.

मोह झाला. पण खोटं बोलून जोडलेली सोयरीक किती टिकणार? बांध म्हणजे दोन शेतांमधली हद्द, इथपासून सगळं शब्दन् शब्द सांगितलं. ह्यांनी मान खाली घातली.

बाई कमरेवर हात ठेवून ह्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आमचा शेजारी त्याचा होडी लावायचा लाकडी धक्का दर उन्हाळ्यात एक फळी आमच्याकडे सरकवतो. असल्या माणसाला थांबवायचं कसं?"

हे ताठ झाले. "जागा दाखवा म्हणावं. ह्यातलं आपल्याला समदं ठाऊक हाय."

दोघं निघाले. एवढ्यात लेकीचा फोन आला.

"आई, कुठं आहात तुम्ही?"

"तुझ्या सासरी."

ती हळूच म्हणाली, "पप्पा काय म्हणतात?"

"पप्पा विहीणबाईंबरोबर हद्द बघायला गेलेत. तू जेवून घे."