नऊ नंबरची विहीर आणि ओली मेंढरं

होटगी रोडला टायरच्या दुकानावर एक छोटं ऑफिस आहे. तिथे बसून मायाक्का मेटकरी समुद्रकाठच्या वायूच्या विहिरींची नाडी बघते, असं सांगितलं तर खालचा टायरवालासुद्धा हसतो. सोलापुरात उन्हाळ्यात नळाला पाणी येण्याची मारामार, आणि ही बया समुद्राच्या गप्पा मारते! पण रोज सकाळी विहिरींचे आकडे तिच्या कॉम्प्युटरवर येतात, हे खरं आहे.

मायाक्का सांगोल्याकडच्या मेंढपाळाची लेक. मायाक्कादेवीला नवस बोलून झाली म्हणून हे नाव. कॉलेजात मैत्रिणींनी त्याची ‘माया’ केली आणि तिनंही करू दिली. पुढे ऑफिसच्या कागदांवरही तेच लागलं. बापाला हे अजून सांगितलेलं नाही.

ऑफिस महेश्वर सरांचं. सर अक्कलकोटचे. सगळी नोकरी तेल-वायूच्या क्षेत्रांवर गेली, आता पूर्व किनाऱ्यावरच्या एका कंपनीला सल्ला देतात. त्या कंपनीची नऊ नंबरची विहीर दोन वर्षं झकास चालली आणि मग वायू एकदम पाव हिश्श्यावर आला. आटली असेल तर सिमेंट भरून बुजवून टाकू, असं कंपनीचं म्हणणं. सरांनी ती फाइल मायाक्कापुढे ठेवली. तिची पहिली स्वतंत्र विहीर.

फाइल पुरती वाचायच्या आधीच तिला उत्तर सापडलं होतं. तिथेच घोटाळा झाला. बोअरचं पाणी तुटलं की काय करायचं, हे सांगोल्यात शेंबडं पोरही सांगेल. मोटार बंद करायची, बोअरला दम खाऊ द्यायचा. आजूबाजूचं पाणी झिरपून आलं की पुन्हा सुरू. मायाक्काने हेच इंग्रजीत, आलेख जोडून, बारा पानांत लिहिलं. विहीर महिनाभर बंद ठेवा.

महिन्याने विहीर उघडली तेव्हा वायू असा उसळला की ऑफिसात पेढे आले. पाचव्या दिवशी आकडे घसरले. दहाव्या दिवशी ते आधीपेक्षाही खाली गेले.

सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

“मायाक्का, ही पाण्याची बोअर नाही,” ते म्हणाले. “खाली खडकात सगळा वायूच असतो, पण त्यात पातळ तेलाचा अंश मिसळलेला असतो. दाब भरपूर आहे तोवर सगळं वायू बनून राहतं. आपण ओढत गेलो की विहिरीभोवती दाब पडतो, आणि एका ठरावीक दाबाखाली त्या वायूतून तेलाचे थेंब सुटतात. ते खडकाच्या बारीक छिद्रांत बसतात आणि मागून येणाऱ्या वायूची वाट अडवतात.”

“पण सर, दाब कमी झाल्यावर पातळाचा वायू व्हायला हवा. हे उलटंच की.”

“उलटंच आहे. म्हणून तर भलेभले फसतात. तू विहीर बंद ठेवलीस तेव्हा लांबून नवा वायू आला, पण तोही तेलाने भरलेलाच. पुन्हा ओढल्यावर त्यानेही आपलं तेल तिथेच टाकलं. विहीर आटलेली नाही, तुंबलीय. कंपनी दोन महिने थांबेल, मग सिमेंट.”

आपल्या शब्दापायी एक जिवंत विहीर बुजणार, या विचाराने मायाक्काला घास गोड लागेना. रविवारी ती एसटीने गावी गेली.

तिचे वडील, बिरुदेव, लोकर कातरायच्या आधी ओढ्यात मेंढरं धूत होते. काहीतरी हातभार लावावा म्हणून तिने धुतलेली मेंढरं हाकलली आणि वाघरीच्या जाळीत नीट दाटीवाटीने कोंडली. बिरुदेवांनी वर येऊन पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

“शिकून सवरून हे केलंस व्हय? दाटीत चार दिस ठिवली तरी वाळायची न्हाईत. माळावर ने, पांगव. कोरडं वारं लोकरीतनं गेलं पायजे.”

“इथंही वारं आहेच की, आबा.”

“हितलं वारं ह्यांच्याच अंगानं ओलं झालंय. त्याचंच पोट भरलंय, ते आनि किती ओल उचलंल?”

मायाक्का हातात काठी घेऊन तशीच उभी राहिली. मग मेंढरं माळावर सोडून तिने तिथूनच सरांना फोन लावला.

“सर, वर आल्यावर तेल वेगळं काढून घेतो, तेव्हा उरलेला वायू कोरडा असतो ना? तोच नऊ नंबरमध्ये परत ढकलला तर अडकलेलं तेल तो उचलेल?”



“हौदु,” सर म्हणाले. हे कानडी ‘हो’ त्यांच्या तोंडी खूश झाल्यावरच येतं. “जुना उपाय आहे. खर्चिक म्हणून कंपनीपुढे काढायला मी कचरत होतो. तू गणित मांड, भांडायचं काम माझं.”

तिने आठ दिवस गणित मांडलं. किती वायू, किती दाबाने, किती दिवस. शिवाय नंतर वायू अधाशासारखा ओढायचा नाही, तोंड बारीकच ठेवायचं, हेही लिहिलं. सर भांडले. कंपनीने कॉम्प्रेसर लावला. कोरडा वायू तीन आठवडे खाली जात राहिला.

बिरुदेवांना यातलं इतकंच कळलं होतं की लेकीचं एक मेंढरू ओलं आहे. रोज सकाळी त्यांचा फोन. “वाळलं का गं?”

विहीर उघडली. यावेळी पेढे कुणी आणले नाहीत. पाचव्या दिवशी मायाक्काने एका डोळ्याने आकडे पाहिले. जागेवर होते. दहाव्या दिवशीही जागेवर. वायू पहिल्याइतका नव्हता, पण निम्म्याच्या वर होता आणि तेलही सोबत येत होतं. विसाव्या दिवशी कंपनीचं पत्र आलं की सिमेंटचं काम रद्द.

तिला रडू फुटलं. तसंच नाक ओढत तिने फोन लावला.

“आबा, वाळलं.”

“आगं मग रडतीस कशापायी? सोड आता चरायला. पर लई दामटू नगंस.”

कंपनीला पाठवायचा शेवटचा अहवाल तिने त्याच दुपारी उघडला. पहिल्या पानावरचं ‘माया’ खोडलं आणि पूर्ण नाव लिहिलं, मायाक्का बिरुदेव मेटकरी.