सिलिंडरची नवी गाडी

सिंदी मेघेतला वेल्डर नत्थू मडावी याच्या उजव्या पायाला चारच बोटं होती. पाचवं ऑक्सिजनच्या सिलिंडरखाली चेंगरलं होतं. तरीही पुढची वीस वर्षं तो सिलिंडर काठावर तोलून, हातानं फिरवतच नेत राहिला. यंदा कंबरेनं दगा दिला, तेव्हा त्यानं गाडी बनवली. जाड अँगलची चौकट, भंगारातल्या स्कूटरची चाकं आणि दुहेरी साखळी.

"हत्ती बसवता का जी हिच्यावर?" बायको बायजा हसली.

"हत्ती पडला त आपला आपण उठते," नत्थू म्हणाला. "हा सिलिंडर पडला त माणसाले उठू देत नाई."

दसऱ्याला बायजानं अवजारांसोबत गाडीची आणि ऑक्सिजनच्या दोन्ही सिलिंडरांचीही पूजा केली. दुसऱ्या दिवशी दुपारी नत्थू रेग्युलेटर बसवायला वाकला, तर मुंग्यांची रांग सिलिंडरच्या तोंडात शिरत होती.

"इथं काय लावलं वं?"

"तूप. कुंकू टिकूनच नाई राह्यलं लोखंडावर. काऊन जी?"

ऑक्सिजनला तेलातुपाचा थेंब लागला, की चावी फिरवताच भडका उडतो. हाताखाली शिकलेल्या प्रत्येकाला त्यानं हे घोकून घेतलं होतं. घरात मात्र कधी बोलला नव्हता.

"एकालेच लावलं ना?"

"दोन्हीले. नागेशभाऊजीनं सकाळी आर्वीले नेला, त्याले बी."

नत्थूनं धाकट्या भावाला फोन लावला. तो वाजत राहिला. काम करताना नागेश फोन उचलत नसे. ती शिस्त नत्थूनंच लावली होती.